वाचकांचे प्रश्न: जनुकांची दुरुस्ती, पण कोणाच्या संमतीने?

गेल्या अंकात क्रिस्परबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. तंत्र कसं चालतं हे फार थोड्यांनी विचारलंय. बहुतेकांना 'हे करावं का' एवढंच जाणून घ्यायचंय. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात: क्रिस्पर म्हणजे डीएनएमधली ठरावीक जागा शोधून तिथे काप घेणारी जोडी. वाट दाखवतो तो आरएनए आणि कापतं ते कॅस-९ नावाचं प्रथिन. ही जोडी हवी तिथे वळवता येते हे जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी २०१२ मध्ये दाखवलं आणि २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मी जनुकीय समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. कुटुंबासोबत बसून वंशावळ काढणं, अहवालाचा अर्थ सांगणं आणि मग निर्णय त्यांना घेऊ देणं हे माझं काम. यातलं शेवटचं मला सर्वात अवघड जातं, हे खालच्या उत्तरांतही दिसेल.

प्रश्न: ताई, मला आणि माझ्या पतींना, दोघांनाही सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आम्ही वाहक नाही, रुग्णच आहोत. रुग्णांच्या गटातच ओळख झाली आणि सगळं माहीत असून लग्न केलं. आता पतींवर जनुक-संपादनाचा उपचार होण्याची शक्यता आहे. तो झाला की आम्हाला होणारं मूल निरोगी असेल का? नसेल, तर भ्रूण असतानाच ती चूक दुरुस्त करायला काय हरकत आहे? दुखण्यात आम्ही ज्या रात्री काढल्या त्या मुलाच्या वाट्याला येऊ नयेत, एवढंच आमचं मागणं. यात अनैतिक काय आहे?

उत्तर: पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने लगेच पुढच्या महिन्यात मान्यता दिलेल्या कॅसजेव्ही या उपचारात रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत संपादित करतात आणि परत देतात. सिकलसेलची मूळ चूक, म्हणजे हिमोग्लोबिन घडवणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकातलं एक बदललेलं अक्षर, तशीच राहते. बदल होतो तो बीसीएल११ए नावाच्या दुसऱ्याच जनुकाच्या स्विचमध्ये. तो निकामी केला की जन्मानंतर बंद पडलेलं, गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. ज्यांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर दुखण्याचा एकही तीव्र झटका आला नाही. हे मोठं यश आहे. पण शुक्रपेशींना या साऱ्याचा पत्ताही नसतो.

उलट एक गोष्ट आजच विचारून घ्या. संपादित पेशींना अस्थिमज्जेत जागा करून देण्यासाठी आधी बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देतात आणि त्यामुळे वंध्यत्व येऊ शकतं. शुक्राणू गोठवून ठेवायचे असतील तर ते त्याआधीच. उपचाराच्या धावपळीत हा विषय मागे पडतो, आणि नंतर काही करता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. एरवी माझं उत्तर तोंडपाठ असतं. आई-वडील दोघे वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही जनुकाची एक प्रत चांगली आणि एक चुकीची असेल, तर दर गर्भधारणेत आजाराची शक्यता चारात एक. आयव्हीएफने भ्रूणं तयार करा, तपासा, आजार नसलेलं निवडा. संपादन हवंच कशाला? भ्रूण-संपादनाची भलामण करणाऱ्यांच्या बोलण्यात हा साधा रस्ता सहसा येत नाही. पण तुमच्यासाठी तो रस्ता बंद आहे. तुम्हा दोघांकडे या जनुकाची चांगली प्रत एकही नाही, त्यामुळे निवडायला निरोगी भ्रूण मिळणारच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमी आणि ब्रिटनची रॉयल सोसायटी यांनी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा अहवाल आला. कधीकाळी परवानगी द्यायचीच झाली तर आधी कोणाचा विचार व्हावा, हे त्यात सांगितलं आहे, आणि तुमच्यासारखी जोडपी त्यात अगदी पुढे आहेत. त्याच अहवालात हेही स्पष्ट म्हटलं आहे की मानवी भ्रूणात वापरण्याइतकं हे तंत्र अजून भरवशाचं झालेलं नाही.

भरवशाचं नाही म्हणजे काय? त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अंधत्वाशी संबंधित एका जनुकातली चूक भ्रूणात दुरुस्त करून पाहिली. जवळपास निम्म्या भ्रूणांत, काप घेतलेल्या गुणसूत्राचा मोठा तुकडा किंवा ते आख्खं गुणसूत्रच नाहीसं झालं. शिवाय भ्रूणाच्या काही पेशींत बदल होतो आणि काहींत होत नाही. तपासायला काढलेल्या चार-दोन पेशी ठीक निघाल्या म्हणून उरलेल्याही ठीक असतील असं म्हणता येत नाही. आणि उरलेल्या पेशींपासूनच तर मूल घडतं.

हे सगळं बाजूला सारून एकाने करून पाहिलंच. चीनमधले संशोधक हे जियानकुई यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं की त्यांनी संपादित केलेल्या भ्रूणांतून जुळ्या मुली जन्मल्या आहेत. वडिलांना एचआयव्ही होता, म्हणून, एचआयव्हीला पेशीत शिरायला जे लागतं ते सीसीआर५ हे मुलींचं जनुक बदललं होतं. बापाकडून होणारी लागण टाळायला शुक्राणू धुऊन वापरणं पुरतं आणि ते तिथे केलेलंही होतं! आई-वडिलांनी सही केली त्या कागदावर या कामाचं वर्णन एड्सच्या लशीचा प्रकल्प असं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने हे जियानकुई यांना ३ वर्षांचा तुरुंगवास आणि ३० लाख युआन दंड ठोठावला. त्या मुलींना मात्र आयुष्यभर तपासण्यांना सामोरं जावं लागेल, आणि कशासाठी तपासायचं हेही कोणाला नीट माहीत नाही.

'यात अनैतिक काय' असं विचारलंत. मूल हवं असण्यात काहीच अनैतिक नाही. निसर्गाच्या कामात ढवळाढवळ नको, हा मुद्दाही मला कधी पटलेला नाही. तसं असतं तर इन्सुलिनही बंद करावं लागेल. माझी अडचण वेगळी आहे. तुमच्या पतींच्या बाबतीत रुग्ण समोर आहे. तो दुखणं सोसतोय आणि 'हो' किंवा 'नको' म्हणू शकतो. भ्रूणात संपादन करून कोणी बरं होत नाही, कारण तिथे अजून कोणी आजारी नाहीच. तिथे पूर्ण होते ती तुमची इच्छा, आपल्याच रक्ताचं आणि तरीही निरोगी मूल व्हावं ही. इच्छा खरी आहे आणि मी तिला हलकं लेखत नाही. पण धोका पत्करायचा तिसऱ्याने आणि त्याच्या मुलाबाळांनी, हे आजच्या घडीला मला मान्य करता येत नाही. तंत्र सुधारलं तर? मग तुमच्यासारख्या जोडप्यांना 'नाही' म्हणणं मला जड जाईल, हे मोकळेपणाने सांगते.

तोवर काय? तपासलेल्या दात्याचे शुक्राणू किंवा बीज घेतलं तर मूल वाहक होईल, पण आजारी होणार नाही. दत्तक घेता येतं. तिसरा मार्ग समुपदेशकही उच्चारत नाहीत: सिकलसेल असलेलं मूल, जन्मापासून नीट उपचार देऊन वाढवणं. तुमच्यासारखीच एक बाई मला म्हणाली होती, "आमच्यासारखं मूल जन्मूच नये असं सगळे म्हणतात, मग आम्ही कोण?" मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, अजूनही सुचत नाही. आणि दत्तक सोडून मार्ग कोणताही घ्या, गर्भारपण तुम्हाला स्वतःला धोक्याचं आहे. सिकलसेलमध्ये ते असतंच. पत्रात तुम्ही त्याबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही.

प्रश्न: माझ्या मुलीला चयापचयाचा दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. अंगात अमोनिया साठतो. जनुक-संपादनाच्या चाचणीत तिला घ्यायचं का असं डॉक्टरांनी विचारलंय. संमतीपत्रक इतकं जाड आहे की वाचता वाचता धीर सुटतो. सासरे म्हणतात, पोरीला प्रयोगाचा उंदीर करू नका. तिच्या वतीने सही करायचा मला अधिकार तरी आहे का?

उत्तर: तुमच्या मुलीच्याच आजाराच्या कुळातल्या दोन रुग्णांची गोष्ट सांगते. दोन्ही अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातल्या, मधे पाव शतक.

पहिली १९९९ ची. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ओटीसी-कमतरतेवर, म्हणजे अमोनियाचा निचरा करणारं यकृतातलं एक विकर कमी पडण्यावर, जनुकोपचाराची चाचणी चालली होती. हे संपादन नव्हे. विषाणूच्या पाठीवरून चांगलं जनुक आत पाठवायचं होतं. या आजाराने नवजात बाळं दगावतात, तेव्हा चाचणी बाळांवर करावी असा विचार आधी होता. नीतितज्ज्ञांनी सल्ला दिला की मरणाच्या दारातल्या बाळाचे आई-वडील मोकळ्या मनाने संमती देऊच शकत नाहीत, ते कशालाही 'हो' म्हणतील. म्हणून आजार सौम्य असलेले प्रौढ घेतले. त्यांत १८ वर्षांचा जेसी गेलसिंगर होता. औषधं आणि पथ्य सांभाळून त्याचं बरं चाललं होतं, आपल्यामुळे बाळं वाचतील म्हणून तो आला होता. विषाणू टोचल्यावर चार दिवसांत तो गेला. आधीच्या स्वयंसेवकांना झालेला त्रास आणि माकडांचे मृत्यू या गोष्टी त्याला दिलेल्या संमतीपत्रकात नव्हत्या, हे नंतर उघड झालं. प्रमुख संशोधकाचे संबंधित कंपनीत आर्थिक हितसंबंध होते, हेही.

दुसरी २०२५ ची. सीपीएस१-कमतरता (तशाच दुसऱ्या विकराची उणीव) घेऊन जन्मलेल्या एका बाळासाठी, फक्त त्याच्याच चुकीवर नेम धरणारं संपादन-औषध सहा महिन्यांत बनवलं गेलं. डीएनए न तोडता एक अक्षर बदलणारं हे तंत्र चरबीच्या सूक्ष्म थेंबांतून यकृतापर्यंत नेलं. फेब्रुवारीपासून तीन मात्रा दिल्या. बाळाला प्रथिनं जास्त पचू लागली, औषध कमी झालं, जूनमध्ये ते घरी गेलं. पूर्ण बरं झालं असं त्याचे डॉक्टरही म्हणत नाहीत. सही आई-वडिलांचीच होती.

म्हणजे १९९९ मध्ये ज्या संमतीवर भरवसा ठेवायला नको असं ठरलं होतं, त्याच संमतीवर २०२५ मध्ये काम झालं. मला दुसरी बाजू जवळची वाटते. घाबरलेल्या आईला विचार करता येत नाही, असं माझ्या अनुभवाला कधी आलेलं नाही. तिला अर्धवट माहिती दिली जाते, हे मात्र पुष्कळदा पाहिलंय. गेलसिंगर तर सज्ञान होता, शांत होता, आणि तरीही त्याची संमती पोकळ निघाली, कारण जे सांगायला हवं ते त्याला सांगितलंच नव्हतं.

तेव्हा अधिकार तुम्हाला आहे. तो वापरण्याआधी डॉक्टरांसमोर हे प्रश्न ठेवा. प्राण्यांवरच्या प्रयोगात काय बिघडलं? (काहीच बिघडलं नाही असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा.) आधी कोणा रुग्णाला दिलंय का? ही चाचणी मुख्यतः सुरक्षितता पाहायला आहे की गुण येतो का ते पाहायला? पहिल्या टप्प्यातल्या चाचणीला आई-बाप उपचार समजतात आणि डॉक्टरही ती समजूत फारशी मोडत नाहीत. 'केव्हाही बाहेर पडू शकता' असं कागदावर असेल, त्याचा अर्थ समजून घ्या: बाहेर पडता येतं ते तपासण्यांतून. गोळी थांबवता येते, एकदा बदललेलं जनुक परत पूर्वीसारखं करता येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची शिफारस अशा रुग्णांवर १५ वर्षांपर्यंत लक्ष ठेवण्याची आहे. तुमची मुलगी तोवर शाळा संपवत आली असेल. तिला हे कधी आणि कोण सांगणार, तिचं म्हणणं पुढे विचारणार का, हेही आत्ताच ठरवून घ्या.

चाचणीत न जाणं हाही निर्णयच आहे आणि त्यालाही धोका आहे. अमोनियाचा प्रत्येक चढ मेंदूला इजा करू शकतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सासऱ्यांशी घरी वाद घालत बसू नका. पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत न्या. संशय घेणारा माणूस खोलीत असला की डॉक्टर जास्त सविस्तर बोलतात, असं मी पाहिलंय.

प्रश्न: आजार गेला की पुढची पायरी उंची आणि बुद्धी, नाही का? आई-वडील यादी घेऊनच येतील.

उत्तर: यादी घेऊन येतील, पण दुकानात माल नाही. २०२२ मध्ये ५० लाखांहून अधिक लोकांचा डीएनए तपासून उंचीशी संबंध असलेल्या १२ हजारांवर जागा सापडल्या. एकेकीचा परिणाम नखाएवढाही नाही आणि त्याच जागा इतर कामांतही गुंतलेल्या. बुद्धीचं गणित याहून गुंतागुंतीचं. सिकलसेलमध्ये एक अक्षर चुकतं म्हणून तर तिथे काही करता येतं. मला भीती वाटते ती, मुलाचे गुण आधी सांगतो असं म्हणून भ्रूणांच्या तपासण्या विकणाऱ्यांची. त्यांना तंत्र चालावं लागत नाही, गिऱ्हाईक मिळालं की पुरे.

प्रश्न: मी जन्मतः बहिरी आहे, माझे पतीही. आम्ही खुणांच्या भाषेत बोलतो, भांडतो, विनोद करतो. आता नातेवाईक म्हणतात, जनुकोपचार आलाय, तुमचं मूल तरी 'नॉर्मल' होऊ द्या. आम्ही आजारी आहोत असं आम्हाला वाटत नाही. आम्ही चुकतोय का?

उत्तर: नाही. पण नातेवाईक ज्याबद्दल बोलताहेत त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

जानेवारी २०२४ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की ओटीओएफ जनुकाच्या दोषामुळे बहिऱ्या असलेल्या सहापैकी पाच मुलांना उपचारानंतर ऐकू येऊ लागलं. हा उपचार जन्मलेल्या मुलांच्या कानात चांगलं जनुक घालण्याचा आहे, आणि फक्त त्या एका, तुलनेने विरळ कारणासाठी. तुमचं कारण कोणतं, हे तपासल्याशिवाय तो तुमच्या मुलाला लागू आहे की नाही हेच सांगता येत नाही. दुसरी गोष्ट भ्रूणाची. रशियाचे जीवशास्त्रज्ञ देनिस रेब्रिकोव्ह यांनी २०१९ मध्ये जीजेबी२ जनुकामुळे बहिऱ्या असलेल्या जोडप्यांची भ्रूणं संपादित करण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा जगभरातून त्यावर टीका झाली. मीही विरोधातच आहे. ज्या मुलापुढे कॉक्लियर इम्प्लांट (कानात शस्त्रक्रियेने बसवायचं ऐकण्याचं यंत्र) आहे, खुणांची भाषा आहे, भरलेलं आयुष्य आहे, त्याच्या भ्रूणावर जीवघेणा ठरू शकेल असा प्रयोग करण्याचं काहीच समर्थन नाही.

जन्मलेल्या मुलाचं मात्र इतकं सोपं नाही, आणि तुम्हाला न आवडणारं एक वाक्य लिहिते. 'मोठं झाल्यावर त्याला ठरवू द्या' हे इथे चालत नाही. मेंदू आवाजाची भाषा शिकतो तो पहिल्या काही वर्षांत. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत थांबलं तर त्याला ठरवायला फारसं काही उरणार नाही. थांबणं म्हणजे त्याच्या वतीने 'नको' म्हणणं. तुम्ही तसं म्हणू शकता, पण ते जाणून म्हणा. निर्णय काहीही झाला तरी पहिल्या दिवसापासून त्याच्याशी हातांनी बोला. ऐकू येणाऱ्या मुलालाही आई-वडिलांची भाषा यायलाच हवी, आणि उपचार फसला तर तीच हाताशी असेल. 'नॉर्मल' म्हणणाऱ्या नातेवाइकांपैकी किती जण ती भाषा शिकले, हे विचारायला हरकत नाही.

प्रश्न: माझ्या मुलाला सिकलसेल आहे. ज्या उपचाराबद्दल तुम्ही लिहिता तो आम्हाला स्वप्नातही परवडणार नाही. मग ही नैतिकतेची चर्चा श्रीमंतांसाठीच ना?

उत्तर: तुमचा राग रास्त आहे. अमेरिकेत कॅसजेव्हीची जाहीर किंमत माणशी २२ लाख डॉलर होती आणि रुग्णालयाचा खर्च त्याशिवाय. सिकलसेल घेऊन जन्मणाऱ्या बाळांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जन्मतात. औषध एकीकडे आणि आजार दुसरीकडे, असा हा प्रकार. भ्रूणांच्या प्रश्नावर परिषदांमागून परिषदा होतात. या प्रश्नावर तेवढी गर्दी जमत नाही.

म्हणून संपादन थांबवावं असं मात्र मी म्हणणार नाही. खर्चाचं मोठं कारण म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या पेशी बाहेर काढून वेगळ्या बनवाव्या लागतात आणि केमोथेरपीसाठी त्याला आठवडेच्या आठवडे रुग्णालयात ठेवावं लागतं. इंजेक्शन देऊन पेशी शरीरातच संपादित करता आल्या तर हे दोन्ही टळेल, आणि यकृताच्या आजारांत हे जमू लागलंय. अस्थिमज्जेपर्यंत पोचणं अजून अवघड जातंय. सरकारी पैशांतून उभ्या राहिलेल्या विद्यापीठांत जे शोधलं गेलं, त्यावरच्या पेटंटांनी किंमत किती चढवावी, हाही प्रश्न तुमच्यासारख्या पालकांनी विचारायला हवा.

पण तुमचा मुलगा आज आजारी आहे, म्हणून एक जुनी गोष्ट. हायड्रॉक्सीयुरिया या साध्या कॅप्सूलनेही तेच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं, कमी प्रमाणात का होईना. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा इथल्या मुलांवर झालेला 'रीच' अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्या मुलांत दुखण्याचे झटके, रक्त चढवण्याची वेळ, मलेरिया आणि मृत्यू हे सगळंच कमी झालं. तुमच्या पत्रात या औषधाचा उल्लेख नाही. जनुक-संपादनाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, पण आधी हे विचारा: मुलाला हायड्रॉक्सीयुरिया सुरू करायचं का? सुरू असेल, तर वजन वाढलं तशी मात्रा वाढवली आहे का, आणि रक्ततपासणी शेवटची कधी झाली?